ओव्हरमॉरो

पेडण्याच्या रघुनाथ मास्तरांचा एका इंग्रजी शब्दावर भारी जीव. शब्द ओव्हरमॉरो, म्हणजे येता परवा. साडेचारशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी तो कुठेतरी छापला आणि नंतर टाकून दिला. तेव्हापासून बापड्यांना 'उद्याच्या नंतरचा दिवस' असं लांबण लावावं लागतं. "अर्ध्या जगावर राज्य केलं, पण परवा काही सांभाळता आला नाही," मास्तर वर्गात सांगत. "आपल्या मराठीत बघा, परवा आहे." मागच्या बाकावरून कोणीतरी विचारी, "गेलेला की येणारा, मास्तर?" आणि तो मुलगा तास संपेपर्यंत उभा राही.

सगुण नावाच्या एका विद्यार्थ्याने हौसेने तो शब्द परीक्षेत लिहिला. मास्तरांनी लाल शाईने खोडून मार्क कापला. "मेलेला शब्द आहे तो. मिरवायचा असतो, वापरायचा नसतो," ते म्हणाले. सगुणने ते मनावर घेतलं.

घरात मात्र तो मेलेला शब्द चांगला खातापिता होता. एकुलती लेक देवकी लहानपणी विचारायची, "बाबा, जत्रा केन्ना?" मास्तर म्हणायचे, "ओव्हरमॉरो." ती हसायची. बापलेकीचं ते आपसातलं गुपितच होतं म्हणा.

पुढे गोव्यात राजभाषेचं भांडण पेटलं. मास्तर मराठीच्या बाजूने मोर्चात पुढे. घरी चहा मागायचे तो कोंकणीत, पण हे त्यांना तोंडावर सांगायची कोणाची छाती नव्हती. देवकीची होती. ती मडगावला मामाकडे राहून शाळेत शिकवत होती आणि कोंकणीवाल्यांत मिसळली होती. एकदा घरी आली ती लग्नाचं घेऊन. मुलगा प्रज्योत, तिच्याच शाळेतला. जात तीच, घर चांगलं, पोटापाण्याची ददात नाही. खोट एकच, कोंकणीच्या मोर्चात तो फलक धरून चालला होता.

त्या दिवशी जेवताना देवकीने विषय हलका करायला म्हटलं, "बाबा, कोंकणीत गेल्लो तो पयर आनी येवपी तो परवां. घोटाळोच ना." मास्तरांनी ताट सरकवलं.

"तुज्या लग्नाक म्हजे पाय लागचे नात," ते ओरडले.

"रागार जावंक तरी कोंकणीच लागता न्हय, बाबा?" देवकी म्हणाली. ती संध्याकाळच्या बसने निघून गेली. मास्तर पडवीत बसून राहिले. तिने वळून पाहावं असं त्यांना वाटत होतं आणि तसं वाटतंय याचा त्यांना संताप येत होता.

उन्हाळ्यात तार आली. मास्तरांनी दारातच उघडली. इंग्रजीत चार शब्द: मॅरेज ओव्हर टुमॉरो कम. लग्न झालं, उद्या या.

"उरकलें लग्न," ते बायकोला म्हणाले. "आनी आतां फाल्यां यो म्हणटा."

कमलाक्षीबाईंनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, "जालें तें जालें. फाल्यां वचून येवया. चेडू आमचेंच न्हय?"

"पंगत उठल्यार उश्टीं काडूंक वचूं?"

"हांव एकटी वतां."

"गेल्यार हांगा परत येवं नाका." तार त्यांनी चुलीत घातली. कमलाक्षीबाई गेल्या नाहीत. नवऱ्याशी बोलायच्या तेही बंद झालं, फक्त वाढायच्या.

महिन्याभरात गोवा घटकराज्य झालं. बाजारात फटाके फुटत होते, पेढे वाटले जात होते. पेढ्यांची पिशवी घेऊन सगुण सामोरा आला. तो आता तारघरात कारकून होता.

"देवकीचें लग्न बरें जालें मगो, मास्तर? ती तार हांवेंच घेतिल्ली," तो म्हणाला. "ओव्हरमॉरो असो शब्द आयिल्लो. म्हटलें, मास्तराचें चेडू, पुण चुकलें. ओव्हर सुटो केलो आनी टुमॉरो नीट बरयलो. तुमी मार्क कापिल्लो तो हांव अजून विसरूंक ना."

मास्तरांच्या हातात पेढा तसाच राहिला. मॅरेज ओव्हरमॉरो, कम. लग्न परवा आहे, या. तिने त्यांचा शब्द त्यांच्या दारात पाठवला होता. समेटासाठी याहून मोठं काही तिच्याकडे नव्हतं, आणि मास्तरांना तो ओळखता आला नव्हता. सगुणला काय बोलणार? त्यांनी त्याला बोल लावला नाही. मास्तरकीत निदान एवढं शहाणपण शिल्लक होतं.

दुसऱ्या दिवशी ते कमलाक्षीबाईंना घेऊन निघाले. मांडवीचा पूल कोसळलेला, म्हणून बेतीला फेरीबोट, मग पुन्हा बस. मडगावला देवकीने दार उघडलं. गळ्यात मंगळसूत्र होतं. कमलाक्षीबाई तिला मिठी मारून आत गेल्या. मास्तरांनी उंबऱ्याबाहेरूनच सगळं सांगितलं, तारेचं, सगुणचं, तुटलेल्या शब्दाचं. सांगताना त्यांना थोडं बरं वाटू लागलं, कारण चूक आता कारकुनाची दिसत होती.

देवकीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "मुहूर्त जायसर हांव दाराकडेन तुमची वाट पळयताली," ती म्हणाली. "मामान कन्यादान केलें. सगुणान शब्द मोडलो, मान्य. पुण फाल्यां यो म्हण तुमी वाचिल्लें न्हय?"

"वाचिल्लें."

"फाल्यां आयिल्ले जाल्यार लग्न जावपाचें आशिल्लें, बाबा. एक दीस आदीं पावपाचे तुमी."

मास्तरांनी बोटांवर दिवस मोजले: तारेतल्या उद्याला निघाले असते, तर लग्नाच्या आदल्या दिवशीच पोचले असते. आतून कमलाक्षीबाईंच्या रडण्याचा आवाज येत होता. देवकीने बापाला आत घेतलं, खुर्ची दिली, चहा दिला, प्रज्योत शाळेतून उशिरा येईल म्हणून सांगितलं. रीतीत कुठे म्हणून कमी पडू दिलं नाही. निघताना मास्तरांनी खाली बघत विचारलं, "परत केन्ना येवचें?"

"आम्ही कळवू आपल्याला," देवकी म्हणाली. स्वच्छ, शुद्ध मराठीत. जन्मापासून ती बापाशी मराठीत कधी बोलली नव्हती.