कलपेपरांचा कोच

धरणाचा दरवाजा दुरुस्त करायचा म्हणून हॅचर तलावाचं पाणी सोडायला सुरुवात झाली, आणि त्या दिवसापासून डेलमर टिडवेलला अन्न गोड लागेना.

सकाळी उठावं, गुडघ्यांना शिव्या घालाव्यात, कॉफीचा कप घेऊन धक्क्यावर यावं आणि बघावं, तर काल पाण्यात असलेला खांब आज उघडा. तांबडी चिकण माती रोज थोडी थोडी पुढं सरकत होती. वरून अलाबामाचा तो कोरडा, कंटाळवाणा पानगळीचा वारा. कुजक्या शेवाळाचा वास पार घरात यायचा.

"काय बगतोस रोज रोज?" जाळीच्या दारातून व्हर्ना म्हणाली. ही त्याची बायको. हाताला पीठ, कपाळाला आठी. "एवडं तोंड तू तुज्या आईच्या मयताला बी पाडलं न्हवतंस."

"मासं मरतील गं."

"मासं मरत न्हाईत. खोल पान्यात जात्यात. हे तूच सांगितलंयस मला. जल्मभर, मी न इचारता."

माशांची काळजी त्याला नव्हतीच. काळजी होती ती तलावाच्या तळाशी त्यानं जे बुडवून ठेवलं होतं त्याची.

बास हा मासा मोठा आळशी आणि मोठा लबाड. सपाट तळावर तो राहत नाही. त्याला आडोसा लागतो, सावली लागते. आडोशाला दबा धरून बसायचं आणि समोरून काही गेलं की घास घ्यायचा. म्हणून त्या तलावावर गळ टाकणारा प्रत्येक गडी गुपचूप काहीतरी बुडवतो. नाताळ झाला की घरातलं झाड सिमेंटच्या ठोकळ्याला बांधून पाण्यात सोडतो आणि जागा मनात ठेवतो. सख्ख्या भावाला एक वेळ मूत्रपिंड देईल, पण ही जागा सांगायचा नाही.

डेलमरनं मात्र झाड बुडवलं नव्हतं. त्यानं कोच बुडवला होता.

व्हर्नाच्या आईचा कोच. अस्सल ओकचा, वाघाच्या पंज्यासारखे पाय, दोन माणसांना हलायचा नाही असा. कितीतरी वर्षांपूर्वी व्हर्ना बहिणीकडं, इनेझकडं, तिच्या आजारपणात गेली होती. डेलमर रिकाम्या घरात जमिनीवर पाठ टेकून पडला होता आणि त्याची नजर त्या कोचाखाली गेली. माणसाच्या नजरेनं बघितलं तर ते बसायचं सामान. बासच्या नजरेनं बघितलं तर बंगला होता. त्यानं खेचर जुंपलं, जुन्या कोठाराची दारं एकत्र बांधून तराफा केला, आणि संध्याकाळपर्यंत कोच पाण्याखाली.

व्हर्ना परत आली. तिनं विचारलं, कोच कुठाय.

आता माणसानं एखादं साधं खोटं बोलावं. पण डेलमरची जीभ साधी नव्हती. तो म्हणाला, पलीकडच्या परगण्यात कलपेपर म्हणून कुटुंब आहे, त्यांचं घर जळालं, पोरं जमिनीवर निजत होती, म्हणून देऊन टाकला.

व्हर्ना रडली. मग त्याच्या गालाला हात लावला. लग्नानंतर असा हात तिनं क्वचितच लावला होता. आणि त्या रविवारपासून ती चर्चमध्ये कलपेपरांसाठी प्रार्थना करायला लागली. एवढ्यावर थांबती तरी निभावलं असतं. पण दर उन्हाळ्यात ती अंजिराचा मुरंबा करायची आणि नाताळाला आईच्या निळसर काचेच्या बरण्यांतली एक बरणी बाजूला काढायची.

"येवडी कलपेपरांकडं टाक."

डेलमर टाकायचा. म्हणजे होडी घेऊन कोचावर जायचा, गळ सोडायचा, मासा लागेपर्यंत चमच्यानं बरणी साफ करायचा आणि रिकामी बरणी पाण्यात सोडून द्यायचा.

दुसरा घोर होता त्याच तलावावर गळ टाकणाऱ्या बफर्ड स्नेलग्रोव्हचा. बफर्डची होडी चकचकीत, इंजिन असं की लांबून ऐकू यावं, आणि पुढं एक पडदा, ज्यावर पाण्याखालचे मासे ठिपक्यासारखे दिसायचे. डेलमरची होडी पत्र्याची, पोचे आलेली. त्याच्याकडं एक छडी, एक रीळ आणि जांभळी रबरी गांडुळं. गळाचं टोक गांडुळाच्या अंगात दडवायचं, म्हणजे ते फांदीत अडकत नाही. पुढं शिशाची बारकी गोळी. टाकायचं, तळाला बसू द्यायचं, आणि मग मेलेल्या माणसाला घाई नसते तितक्या सावकाश ओढायचं. तरी डेलमर मोठमोठे बास आणायचा आणि बफर्ड ठिपके बघून घरी यायचा.

"बासला पडद्यावर बगायचं नसतं," डेलमर गळाच्या दुकानात सगळ्यांसमोर म्हणायचा. "बास बोटाला दिसतो. दोऱ्यावर बोट ठेवायचं. दोरा बाजूला सरकला की बास लागला. डोळं मिटलं तरी चालतं."

"मग मला का दिसंना?" बफर्ड विचारायचा.

"तू गांडुळावर थुकत न्हाईस. तमाखूची थुकी लागती बासला."

बफर्डनं जन्मात तंबाखू खाल्ला नव्हता. तो लागला खायला. पहिल्या वर्षी उलट्या झाल्या, मग सवय झाली. दात काळे पडले, बायको वेगळ्या खोलीत निजायला लागली, पण बासचं काही जमेना.

आणि आता पाणी उतरत होतं.

एका सकाळी पाइनच्या टेकाडावरून डेलमरनं बघितलं. तलावाचं पाणी आत शिरतं त्या खाडीच्या तोंडाशी, उघड्या चिखलात, कोचाची पाठ वर आली होती. काही नाही म्हणून कितीही डोळे चोळले तरी कोच तो कोचच. आज ना उद्या सगळा गाव तळं बघायला येणार होता. त्यानं कुऱ्हाड घेतली, उंच बूट घातले आणि चिखलात उतरला.

ती तांबडी माती वरून वाळलेली दिसते, खाली लोणी असते. निम्म्या वाटेत पाय गुडघ्यापर्यंत गेला. काढायला दुसरा रोवला, तो मांडीपर्यंत. कुऱ्हाड हातातून निसटली आणि चिखलानं गिळली. कोच हाकेच्या अंतरावर, आणि डेलमर कंबरेएवढा जमिनीत. खांदा ठणकत होता. जन्मभर दोरा फेकून फेकून तो खांदा कामातून गेला होता. थोड्या वेळानं त्यानं धडपडही सोडून दिली. थकलेल्या माणसाला चिखलसुद्धा बरा वाटतो, निदान उभं राहायचे कष्ट नाहीत.

"डेलमर, तू तितं काय करतुयास?"

काठावर बफर्ड. त्याच्या मागं, दंडावर टोपली अडकवून, व्हर्ना. ती न्याहारी घेऊन आली होती.

"काय न्हाय. जरा बसलोय."

बफर्डनं फळ्या आणल्या, एकापुढं एक टाकत आला आणि डेलमरला काखेत हात घालून उपसला. डावा बूट आतच राहिला. व्हर्नानं नवऱ्याकडं बघितलं नाही. ती फळ्यांवरून सरळ कोचापर्यंत गेली.

कापड कधीच कुजून गेलं होतं. ओकचा सांगाडा काळा पडला होता, स्प्रिंगा गंजल्या होत्या, पण वाघाचे पंजे तसेच होते. आणि कोचाभोवती, अर्ध्या मातीत रुतलेल्या, तिच्या आईच्या निळसर काचेच्या बरण्या. एक दोन नव्हे. ढीग.

व्हर्नानं एक बरणी उचलली, पदराला पुसावी तशी झग्याला पुसली आणि उजेडात धरली.

बफर्ड कधी कोचाकडं बघत होता, कधी डेलमरकडं. त्याचा जबडा हलायचा थांबला.

"म्हंजे," तो सावकाश म्हणाला, "थुकीचं काय न्हवतं."

"थुकीनं बी जरा फरक पडतो," डेलमर म्हणाला.

बफर्डनं गालातला तंबाखू काढला आणि चिखलात ठेवला, मयताला फूल ठेवावं तसा. मग फळ्यांवरून काठाकडं निघून गेला.

व्हर्ना त्या सांगाड्याच्या कडेवर बसली. वारा सुटला होता. डेलमर एका बुटावर उभा.

"व्हर्ना."

"त्यांच्या धाकट्या पोरीला दमा हाय म्हनलावतास तू," ती म्हणाली. "मी तिच्यासाटी उपास केलावता."

डेलमरनं मान खाली घातली. त्याला त्या पोरीचं नावही आठवेना.

ती ओरडली नाही, काही आपटलं नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. थंडीभर घरात फक्त ताटांचा आवाज. रविवारी चर्चमध्ये पाद्र्यांनी प्रार्थनेची नावं विचारली, की व्हर्ना उठायची आणि म्हणायची, "कलपेपर." आणि डेलमरकडं बघत खाली बसायची.

पाणी चढायच्या आधी एक दिवस इनेझ आपला ट्रॅक्टर घेऊन आली. दोघी बहिणी संध्याकाळी परतल्या त्या मातीनं माखून. डेलमर टेकाडावर गेला तर कोच जागेवर नव्हता. कोठारात नव्हता, अंगणात नव्हता.

"कुटं नेला?"

"दिला," व्हर्ना म्हणाली. "गरजूंना."

पाणी भरलं. वसंतात बफर्डसकट निम्मा तालुका जुन्या जागेवर होड्या लावून बसला. तिथं आता चिखल आणि डेलमरचा डावा बूट, एवढंच होतं. डेलमरही वणवण फिरला. या खाडीत टाक, त्या टेकाडाशी टाक, गोळी तळावर नुसती घसरत यायची, जशी रिकाम्या घरात पावलं. तो उन्हाळा त्याला फार लांब वाटला. खांदा रात्रंदिवस दुखायचा. छडी खुंटीला टांगायची असं त्यानं ठरवून टाकलं.

पानगळीच्या तोंडाला एका दुपारी व्हर्ना धक्क्यावर आली. हातात उशी आणि टोपली. जन्मात ती होडीत बसली नव्हती.

"चल," ती म्हणाली. "आन् हे बांद."

भांडी पुसायचं फडकं होतं. डेलमरनं विचारलं, कशाला. ती म्हणाली, डोळ्याला.

"डोळं बांदून गळ कसा टाकू?"

"बास बोटाला दिसतो म्हनतोस ना? मग डोळ्याचं काय काम?"

तिनंच गाठ मारली, जरा जास्तच घट्ट. इंजिन तिनं धरलं. होडी डावीकडं गेली, उजवीकडं गेली, मुद्दाम दोन गोल गिरक्या घेतल्या, आणि थांबली.

"टाक. तुज्या उजव्या हाताला."

डेलमरनं टाकलं. शिशाची गोळी तळाला बसली. त्यानं दोऱ्यावर बोट ठेवलं आणि ओढलं. मऊ, मऊ, मऊ. मग टिक. मग टिक, टिक. गंजलेल्या स्प्रिंगांवरून गांडूळ चालत होतं. त्याच्या बोटाला एकेक स्प्रिंग ओळखीची. पुढं जरा गोलाई, वाघाचा पंजा. फडक्याखाली त्याचे डोळे भरून आले, पण ते कुणाला दिसायचं कारण नव्हतं.

मागं बरणीचं झाकण फिरल्याचा आवाज झाला. अंजिराचा वास आला. मग काचेवर चमचा.

"व्हर्ना, एक घास दे की."

चमचा थांबला नाही.

"ते कलपेपरांचं हाय," व्हर्ना म्हणाली. "तू दोऱ्याकडं ध्यान दे."

आणि दोरा हळूच, कुणीतरी दार ढकलून आत यावं तसा, बाजूला सरकला.