शुक्रवारचा विषय

"कुणाच्याही घरी गेलीस की बैठकीत टेकायच्या आधी मोरी बघ. बैठक पाहुण्यांसाठी सजवतात, मोरी कुणी सजवत नाही. घराचं खरं तोंड तिथंच दिसतं."

मावशी जाऊन बरीच वर्षं झाली, पण तिचा हा हुकूम सिस्टरच्या कानात अजून ताजा होता. मावशी घरोघर फिरून बाळंतिणींची देखभाल करायची, आणि भाचीला वारसा म्हणून तिनं दिलं ते एवढंच. म्हणून सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर पदवीला प्रवेश मिळाल्यावर, सल्लागारांच्या खोलीत पाऊल टाकण्याआधी सिस्टर विभागाच्या स्वच्छतागृहात डोकावून आली. दारावर हात कसे धुवावेत याचं मोठं रंगीत चित्र होतं. चित्रातल्या हातांना भरपूर फेस होता. आत साबण नव्हता.

आलं लक्षात, असं मनाशी म्हणून सिस्टर रुमालाला हात पुसत जिना चढली.

तिला सगळेच सिस्टर म्हणत. सरकारी इस्पितळातल्या मुलांच्या वॉर्डची ती सिस्टर. सासरीसुद्धा शेजारीपाजारी याच नावानं हाक मारत. आवाज इतका हळू की समोरच्याला कान पुढं करावा लागे. तिला पदवीची हाव नव्हती. या वयात बाकावर बसायची हौस तर मुळीच नव्हती. ती आली होती एका शब्दापायी.

वॉर्डात एकाच गल्लीतली मुलं पुन्हापुन्हा येत. जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं वितळवायची ती गल्ली. मुलांची पोटं दुखत, तोंडं पांढरी पडत, आणि चुरूचुरू बोलणारी पोरं हळूहळू मठ्ठ होत. डॉक्टर न बघताच "जंत" म्हणत आणि औषधाची बाटली देत. एका आईनं एके दिवशी ती बाटली टेबलावर परत ठेवली. "सिस्टर, औषध नको आता. बाटल्या ठेवायला फळी उरली नाही घरात. हे कशानं होतंय, तेवढं सांगा."

"सांगेन," सिस्टर म्हणाली. "शोधून काढीन आणि तुमच्या दारात येऊन सांगेन."

दिलेला शब्द म्हणजे तिच्या लेखी देवापुढं ठेवलेलं फूल. वाहिलं की वाहिलं, परत उचलायचं नसतं. संशय तिला शिशाचाच होता. पण तो बोलून दाखवल्यावर मोठे डॉक्टर म्हणाले होते, "शंका म्हणजे पुरावा नव्हे, सिस्टर." त्या माणसाच्या तोंडून बाहेर पडलेलं खरं वाक्य तेवढं एकच, पण ते खरं होतं. पुरावा कसा गोळा करतात ते शिकायला तिनं अभ्यासरजा काढली. त्यासाठी तिला दोनच विषय हवे होते: संख्याशास्त्र आणि क्षेत्रकार्य. बाकी देतील ते चालणार होतं.

सल्लागारांना विद्यार्थी चौकटसर म्हणत. कागद दिसला की ते चौकोन काढत. चौकोन काढला की त्यांना काम झाल्यासारखं वाटे.

"या, या सिस्टर! तुमचा आराखडा मी तयारच ठेवलाय. हे बघा. आरोग्य नेतृत्व. संवादकौशल्य. धोरणांची तोंडओळख. काय? सुटसुटीत!"

"सर, यात क्षेत्रकार्य दिसत नाही."

"आहे की. हा काय."

"हा संख्याशास्त्राचा चौकोन आहे ना?"

"तोच तो! दोन्ही बुधवारी, एकाच वेळी, एकाच खोलीत. एकात्मिक." हा शब्द त्यांनी पेढा ठेवावा तसा जिभेवर ठेवला.

झालं होतं ते असं. दोन्ही विषय शिकवणारे आकडेसर एकच, आणि ते आठवड्यात एकच दिवस येणार म्हणून अडून बसलेले. वेळापत्रक आखणाऱ्यांनी घाईघाईत दोन्ही विषय एकाच तासाला घातले. पहिल्याच बुधवारी दोन वर्ग एका दारात येऊन उभे राहिले, तेव्हा कुणीतरी वेळापत्रक बदलायला हवं होतं. पण बदलायचं म्हणजे बैठक घ्यायची, आणि बैठक घ्यायची म्हणजे यायचं. त्यापेक्षा चौकटसरांनी दोन चौकोनांभोवती एक मोठा चौकोन काढला आणि नाव दिलं एकात्मिक अभ्यासक्रम. वरून शाबासकी आली. चुका सगळेच करतात. चुकीचं बारसं थाटात करायला मात्र उच्च शिक्षण लागतं.

"मग वस्तीत जायचं कधी, सर?"

"जायचं कशाला? पडद्यावर दाखवतो आम्ही. फार सुंदर चित्रफीत आहे. वस्ती, गटार, डास, सगळं आलंय त्यात."

"कुठल्या वस्तीची?"

"कुठल्या म्हणजे?" चौकटसर गोंधळले. "वस्तीची!"

सिस्टरनं खाली बघितलं. हसू येत होतं, आणि हसणं तिच्या स्वभावात बसत नव्हतं.

"शुक्रवार रिकामा दिसतोय, सर. शुक्रवारी क्षेत्रकार्य घेता येईल?"

चौकटसरांनी तिच्याकडं असं बघितलं, जणू तिनं चपला घालून गाभाऱ्यात पाऊल टाकलं. शुक्रवारी विभागात कुणी येत नसे. सिस्टर स्वतः नेमधर्माची बाई, पहाटेचा जप तापातसुद्धा न चुकवणारी. पण इतक्या निष्ठेनं पाळलेलं आणि फळाची एवढी खात्री असलेलं व्रत तिनं आजवर पाहिलं नव्हतं.

"आठवडाअखेर सही करायची आहे आराखड्यावर," ते म्हणाले. "घरी विचार करा. आणि नेतृत्व सोडू नका हं. त्याच्यावरच सगळं आहे."

कशावर सगळं आहे ते नणंदेनं घरी सांगितलं. ती इस्पितळाच्याच कचेरीत होती, आणि भिंतींच्या आधी तिला बातम्या कळत. "वहिनी, मेट्रनची जागा रिकामी होतेय. पदवीत नेतृत्वाचा पेपर असेल तिलाच घेणार आहेत. तुझ्याशिवाय आहे कोण? ताट वाढून ठेवलंय, फक्त बसायचं."

"मला क्षेत्रकार्य हवंय."

"दोन्ही घे."

"क्षेत्रकार्य तिथं होतच नाही. सिनेमा दाखवतात."

"मग बघ सिनेमा! फुकटचा आहे. का, त्या बॅटरीवाल्या बाईच्या हातात आहे तुला मेट्रन करणं?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही," सिस्टर म्हणाली आणि भाजी निवडत राहिली. ती अशी 'काही नाही' म्हणाली की घरातले समजून चुकत, आता हिला हलवणं कठीण.

बुधवारी ती वर्गात गेली. डावीकडं संख्याशास्त्राचे विद्यार्थी बसत, उजवीकडं क्षेत्रकार्याचे. व्याख्यान एकच. डावीकडच्यांनी ते सरासरी म्हणून उतरवायचं, उजवीकडच्यांनी समाज म्हणून. ज्यांनी दोन्ही घेतले त्यांनी कुठं बसायचं हे ठरवायचं राहूनच गेलं होतं. सिस्टर मधल्या वाटेत खुर्ची टाकून बसली. पडद्यावर डास दिसले. उजवीकडचा एक तरुण डॉक्टर डोळे मिटून क्षेत्रकार्य करत होता.

तास संपल्यावर आकडेसर किल्ल्या गोळा करून निघाले, तशी ती पुढं झाली.

"सर, एका गल्लीतली मुलं आजारी पडतायत. कारण त्या गल्लीतच आहे, हे दाखवायचं कसं?"

"शेजारची गल्ली बघितलीस?"

"नाही."

"मग तुला काहीच माहीत नाही." पण त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. "तितकीच गरिबी, तेच पाणी, तीच शाळा, फक्त भट्टी नाही, अशी गल्ली हवी. दोन्हीकडं तेच प्रश्न, त्याच शब्दांत. आणि दवाखान्यात येतात तीच मुलं तू मोजलीस ना? जी येत नाहीत त्यांना कोण बघणार? घरामागून घर घ्यायचं. आवडीची घरं नाहीत, ओळखीची नाहीत. मग रक्ततपासणी. आणि नैतिकता समितीची परवानगी हातात येईपर्यंत एकही प्रश्न विचारायचा नाही."

त्यांनी फळा पुसला, दोन गल्ल्या काढल्या, घरं काढली. पाठ फिरवून शिकवणारा हा माणूस खडूच्या धुरळ्यात एकाएकी तरुण दिसायला लागला. सिस्टर भरभर उतरवून घेत होती. आपण अर्ध्या ज्ञानावर शब्द देऊन बसलो होतो, हे तिला त्या फळ्यासमोर कळलं. भीती वाटली, आणि बरंही वाटलं.

फळा भरल्यावर त्यांनी हात झटकले आणि पुन्हा किल्ल्या उचलल्या.

"सर, तुम्ही एकदा याल का तिथं?"

"मी? बुधवारशिवाय जमत नाही गं."

सिस्टरच्या मनात जी थोडी माया उगवली होती ती तिथंच सुकली. चौकटसरांना येत नव्हतं म्हणून ते करत नव्हते, ते एकवेळ देवाच्या दारी चालून जाईल. ह्याला सगळं येत होतं, आणि हा दर बुधवारी डास दाखवत होता. अडाण्याचा आळस माफ होतो; जाणत्याचा कुणी माफ करायचा?

"स्वतंत्र अभ्यास म्हणून एक विषय आहे," दारातून ते म्हणाले. "कुणी घेत नाही. त्याला वर्ग नसतो, नुसतं कामच असतं. मार्गदर्शक म्हणून माझं नाव टाक. बुधवारी दाखवायला आणत जा. मात्र आराखड्यातून एक विषय काढावा लागेल."

कुठला, ते तिला विचारावं लागलं नाही.

"नेतृत्व काढायचं?" चौकटसरांची पेन्सिल हवेत थांबली. "अहो सिस्टर, लोक रांगा लावतात या विषयाला! हे सोडून गल्लीबोळ हिंडणार? मेट्रन व्हायचं नाही का तुम्हाला?"

व्हायचं होतं. ते तिला त्या क्षणी नीट कळलं. स्वतंत्र खोली, रात्रपाळ्या बंद, दुखऱ्या टाचांना विसावा. मग तिनं या इमारतीत चालणारं एकमेव नाणं पुढं केलं.

"सर, हा विषय मी शुक्रवारी करीन. त्यासाठी विभागात कुणालाच यावं लागणार नाही."

"कुणालाच?"

"कुणालाच. शिपायालासुद्धा नाही."

चौकटसरांचा चेहरा उजळला. नेतृत्वावर काट मारून त्यांनी नवा चौकोन काढला, जरा ठसठशीतच, आणि सही ठोकली. "समाजाभिमुख! वार्षिक अहवालात घालतो हे. बघा, सुचतं एकेकदा आपल्याला."

"हो सर," सिस्टर म्हणाली. एवढं खोटं देव सोडून देईल असं तिला वाटलं.

नणंद ते ऐकून दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ती एवढंच: "ती सर्जरी वॉर्डवाली सिस्टर होणार आता मेट्रन. उद्या तिच्या हाताखाली राबशील, तेव्हा माझ्याकडं रडत येऊ नकोस."

"नाही येणार."

"येशील गं," नणंद म्हणाली, आणि तिचाच आवाज जरा ओला झाला. "येशील, आणि मला ऐकून घ्यावं लागेल."

शुक्रवारी सकाळी सिस्टरनं जप पुरा केला, जुने मऊ बूट घातले आणि पाण्याची बाटली पिशवीत टाकली. समितीकडं अर्ज गेला होता. परवानगी येईतोवर प्रश्न विचारायचे नव्हते, रक्त घ्यायचं नव्हतं. आज फक्त दोन्ही गल्ल्या पायाखालून घालायच्या, कुठल्या दारांमागं मुलं राहतात ते पाहायचं, आणि त्या आईला सांगायचं की कारण अजून हाती नाही, पण शोध सुरू झालाय. हे सांगणंच सगळ्यात अवघड जाणार होतं.

"निघालीस?" आतून नणंदेनं विचारलं.

"हो. परतायला उशीर होईल."

तिनं दार आवाज न करता ओढून घेतलं, आणि उन्हं वर यायच्या आत भट्ट्यांच्या दिशेनं चालू लागली.