बिनखाराच्या लाद्या

वखारीतला भुसा पूर्वी जाळून टाकत. करवतीखाली साठलेला ढीग संध्याकाळी मागच्या मोकळ्या जागेत पेटवायचा, आणि वहिनीची वाळत घातलेली धुणी काळवंडायची. त्या धुण्यांपायीच आपलं डोकं चाललं, असं ती हसून सांगे. ज्या भुशात बर्फ लवकर वितळत नाही, तो पत्र्याखाली भरला तर घर कशाला तापेल?

तिला सगळेच वहिनी म्हणत. ती लग्न होऊन आली तेव्हा धाकटा दीर शाळेत होता, आईविना वाढत होता. त्याच्या तापात ती उशाशी बसली, त्याच्या विजारींना ठिगळं तिनंच लावली. मोठेपणी त्याच्या जिभेवर अशी साखर आली की लोक त्याला साखऱ्याच म्हणू लागले.

भुशाच्या पहिल्या लाद्या हातातच भुगा झाल्या, पुढच्यांना बुरशी धरली. शेवटी खळीचं प्रमाण जमलं. पण भुसा तो भुसाच, ठिणगी पडली की संपलं. मग ती भुसा आधी टाकणखाराच्या पाण्यात भिजवू लागली. भिजवायचा, निथळायचा, खळ घालून साच्यात दाबायचा आणि मग सावकाश वाळवायचा. अशी लादी आगीत काळी पडे, पण पेट घेत नसे. गिऱ्हाइकासमोर वहिनी ती हातात धरून खालून बर्नरची ज्योत लावायची, आणि शेजारून साखऱ्या म्हणायचा, "बघा, आमची वहिनी आगीलाही दटावते!"

कामं वाढली तशी ती छतं बसवायला बाहेर पडू लागली. भिजवणं-वाळवणं दिराकडे सोपवलं. घरचाच माणूस, डोळे मिटून सोपवलं.

एका पाळणाघराचं काम निघालं. पोरं दुपारी झोपत ती खोली भट्टीसारखी तापायची. अर्धं छत झालं असताना पाळणाघराच्या बाई म्हणाल्या, "ते जळत नाही म्हणता ना, मला एकदा दाखवाल?"

नेहमीची नमुन्याची लादी टेम्पोत राहिली होती. वहिनीनं समोरच्या थप्पीतली एक उचलली आणि ज्योत लावली.

लादी भडकली. चटका बसला तशी तिनं ती फरशीवर टाकली, बादलीभर पाणी ओतलं. खोली धुरानं भरली. बाई तोंडावर पदर धरून बाहेर पळाल्या.

"ही कुठली लादी?" वहिनीनं विचारलं.

"आपलीच," साखऱ्या म्हणाला.

"ही आपली नाही."

त्याची जीभ अडखळली. "वहिनी, भिजवलं की वाळायला किती वेळ जातो, तुलाच माहितीय. लोक थांबत नाहीत. आणि छताला कोण काडी लावायला जातंय?"

"खाली पोरं झोपणार आहेत रे!"

त्यानं फरशीवरचा काळा चिखल पायानं बाजूला सारला. मग हळूच म्हणाला, "मी एकट्यानं नाही ठरवलं. दादाला विचार."

ती तडक वखारीत आली. नवरा ओंडका करवतीला लावत होता. तिचा चेहरा बघून त्यानं यंत्र बंद केलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

त्यानं हातमोजे काढले, पुन्हा घातले. "तू ऐकलं नसतंस."

"नसतंच ऐकलं. पण मी रोज लोकांसमोर ज्योत लावत होते, तेव्हा तरी बोलायचं! भर बाजारात माझ्या हातात पेटली असती तर?"

"नमुन्याच्या लाद्या वेगळ्या करून ठेवल्या होत्या," तो पुटपुटला. "खार घालून. तुझ्यासाठी."

वहिनीला सगळा उलगडा झाला. म्हणजे दोघा भावांनी बसून हे ठरवलं होतं. तिच्या हाती खरी लादी द्यायची आणि लोकांच्या डोक्यावर खोटी चढवायची. केसानं गळा कापावा तसा कापला होता, आणि तोही तिच्याच हातानं लोकांचा.

दुसऱ्या दिवशी तिनं शिडी टेम्पोत टाकली आणि पाळणाघरापासून सुरुवात केली. मग घरोघर गेली. दार उघडलं की सरळ सांगायची, "तुमच्या छतातल्या लाद्या पेटतात. मी काढायला आलेय." कुणी पोटभर बोलून घेतलं, कुणी दारच लावून घेतलं. एक शिंपी म्हणाला, "तुम्हाला बघून घेतल्या होत्या हो." ते तिला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

तिसऱ्या घरी नवरा येऊन उभा राहिला. "शिडी धरू?"

"धरा."

त्यापलीकडे ती बोलली नाही. पुढेही कामापुरतंच बोलत राहिली. तो शेजारी होता, रोजचं जेवण होत होतं, पण वखारीतलं काही तो सांगू लागला की ती उठून स्वतः बघून यायची.

टाकणखाराचा हौद तिनं आपल्या ताब्यात घेतला. मिळणारी कामं निम्म्यावर आली. पाळणाघराच्या बाईंनी पुन्हा बोलावलं, पण प्रत्येक थप्पीतली लादी स्वतः निवडून, स्वतः पेटवून बघितली. वहिनी बाजूला हात बांधून उभी राहिली.

साखऱ्या दुसरीकडे प्लायवूड विकू लागला. एकदा घरी आला, पायरीवर बसून रडला. "चुकलो गं वहिनी." तिनं त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. तो प्यायला. आत स्वयंपाक झालेला होता, भांडी उघडीच होती. ती दारात उभी राहिली. जेवून जा, असं काही तिच्या तोंडून निघालं नाही.