खडखडीत वाळलेलं बी

आमचा धंदा लॉन्ड्रीचा, त्यामुळे आमच्या घरात ओल म्हणजे साक्षात वैरीण. ‘खडखडीत वाळल्याशिवाय घडी घालायची नाही’ हे नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्या डोक्यात इतकं बसवलंय की मी झोपेतही चादरीची कड चाचपून बघेन.

मागच्या अंगणात सूर्यफुलं असतात. पहिलं बी आईने लावलं होतं. ती जाऊन अकरा वर्षं झाली, पण नाना दरवर्षी त्याच फुलांचं बी धरतात आणि तेच पुन्हा पेरतात. बाजारचं बी त्यांनी दारात येऊ दिलेलं नाही.

यंदा नेमकी फुलं माना टाकायला लागली आणि नानांची उजवी बाजू गेली. बी काढायचं काम माझ्यावर आलं. पलंगावरून त्यांनी एवढंच बजावलं, "खडखडीत वाळव हं. ओल राहिली की बुरशी धरते."

आता आमच्याकडे खडखडीत वाळवायचं म्हणजे कुठे? वाफेच्या नळ्यांच्या खोलीत, जिथे जाड टॉवेलसुद्धा तासाभरात वाळतो. तिथे मी बी ताटात पसरून दोन दिवस ठेवलं, वर स्वतःवर खूशही झाले. नाना ते सावलीत, कागदावर तीन आठवडे ठेवायचे, हे मला माहीतच नव्हतं. विचारायला काय झालं होतं? पण नाही, शहाणपणा मिरवायची हौस.

पेरायच्या आधी वहिनीने दहा बिया ओल्या फडक्यात बांधून ठेवल्या. आठ दिवसांनी फडकं सोडलं, तर एकीलाही मोड नाही. तिने एक बी नखाने सोलली. आतला गर तपकिरी झाला होता. तिने वास घेतला.

"अगं, या भाजल्या गेल्यात."

"सगळ्याच?"

"एकाच ताटात होत्या ना?"

आईचं म्हणून एवढंच उरलं होतं आणि ते मी मारलं.

वहिनी म्हणाली, "बाजारातून पुडी आणते. त्यांना काय कळणार आहे?" पुडी आली. नानांनी डाव्या तळहातावर एक बी घेतली, अंगठ्याने फिरवली आणि खाली टाकली.

"हे आपलं नाही. आपलं कुठाय?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी त्याच भाजलेल्या बियांचा डबा आणून दिला. खुर्चीत बसून, डाव्या हाताने, त्यांनी सात कुंड्यांत बी स्वतः खोचलं. घामाघूम झाले, पण आजारपणानंतर पहिल्यांदा हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता रोज सकाळी मी त्या कुंड्यांना पाणी घालते. खिडकीतून हाक येते, "आलं का गं?"

"अजून नाही, नाना."

त्या ‘अजून’ची मला लाज वाटते.

आज बाविसावा दिवस. उगवायला फार तर दहा लागतात, हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक. म्हटलं, आता पुरे. झारी खाली ठेवून मी खिडकीपाशी गेले.

"नाना, ते बी ना..."

"असू दे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "तुझी आई पण उशिराच उठायची. तू पाणी घाल."