पाणथळीतला किल्ला

सदाशिवरावांनी चिखलात उकिडवं बसून परात जमिनीत पुरली आणि तिच्यात बादलीभर पाणी ओतलं.

"हे बंदर," ते म्हणाले.

त्यांच्या पत्नी मंजुषाताईंनी कपाळाला हात लावला. "माझी नवीच परात सापडली होय तुम्हाला?"

मोशीच्या त्या सोसायटीत दिवाळीचा किल्ला करावा तो सदाशिवरावांनीच. डोंगर, कडे, बुरूज आणि वर सिंहासन. बघणाऱ्यानं मान उंच करूनच बघावं. यंदा मात्र त्यांनी सपाटीवर बुरुजांसकट अख्खा तट उभारला होता आणि भोवती नुसता चिखल. त्यात इंद्रायणीकाठचे लव्हाळे खोचलेले. पोरं म्हणाली, काका, तुमचा किल्ला यंदा खाली बसला!

ग्रीसच्या किनाऱ्यावरचा होता तो, दोन हजार वर्षांपूर्वीचा, दलदलीतल्या बंदराची राखण करणारा. त्यांची मुलगी मृदुला तिथे उत्खननाला होती. कंपनीतली भक्कम नोकरी सोडून पोरगी माती उकरायला गेली, याची सदाशिवरावांना लाज वाटली होती. खोटं कशाला बोला. कुणी विचारलं तर "परदेशात असते" एवढंच सांगून ते विषय बदलायचे.

संध्याकाळी पणत्या लागल्यावर मंजुषाताईंनी व्हिडिओ कॉल लावून फोन किल्ल्यासमोर धरला. मृदुला स्क्रीनजवळ वाकून एकेक बुरूज न्याहाळू लागली.

"बाबा, इथे तट ढोपराएवढाच उरलाय. बुरूज कुठे होते, तेच तर शोधतोय आम्ही."

"माहितीये. फोटो तूच पाठवलेस आईला." सदाशिवराव खाकरले. "पण दिवाळीत पडका किल्ला कुणी करतं का?"

ती हसली आणि बाहीनं डोळे पुसू लागली.

तेवढ्यात सोसायटीच्या किल्ले-स्पर्धेचे परीक्षक आले, गावातले अर्जुनराव. मागोमाग सगळी सोसायटी. अर्जुनरावांनी किल्ल्याला एक चक्कर मारली.

"काम झ्याक हाय. पर महाराज कुठं बसवलं न्हाईत ते?"

"परमुलखातला किल्ला आहे, अर्जुनराव. त्यांच्या नावावर कसा लावू?"

"व्हय, ते बी खरंच." ते खाली वाकले. तटाच्या पायथ्याशी ओल्या मातीची एक बाई खुरपं घेऊन बसली होती. "आन ही कोन? भांगलतीया व्हय?"

मंजुषाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. फोन अजून चालूच होता.

सदाशिवराव उभे राहिले आणि मागच्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले,

"खोदतेय. आमची मृदुला आहे ती."