तिसऱ्या हाकेपर्यंत

डोंगरात कोणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. हे गोकुळदासला त्याच्या आईने शिकवलं होतं आणि त्याने ते आपल्या मुलीला, विनिताला शिकवलं. डोंगरावर काहीतरी असतं. ते ओळखीच्या माणसाचा आवाज घेऊन एकदा हाक मारतं, फार तर दोनदा. तिसरी हाक त्याला जमत नाही. म्हणून तिसरी ऐकू येईपर्यंत गप्प उभं राहायचं. डिचोलीच्या त्या भागात म्हातारी माणसं अजून हे पाळतात.

त्याची बायको शालिनी हे मानत नसे. ती हाक मारायची तीही एकदाच. "अहो" एवढंच. आला तर आला, नाही तर ताट झाकून स्वतः जेवायला बसायची. "तुमची तिसरी हाक येईसर माझो भात थंड जाता," म्हणायची.

होळीचा शिगमो झाला आणि शालिनी गेली. तापाचं निमित्त झालं. तेव्हापासून घरात कोणी गोकुळदासला जेवायला हाक मारत नव्हतं. विनिता ताट वाढून त्याच्यासमोर आणून ठेवायची.

बाप-लेक दोघंही डोंगरावरच्या रिसॉर्टमध्ये कामाला होती. गोकुळदास खालच्या फाटकावर बसायचा. पाहुण्यांचे कार्यक्रम विनिता बघायची. थंडीत पक्षी, पावसाच्या आधी काजवे, भर पावसात बेडूक. बेडकांची स्पर्धा असायची. पाहुण्यांनी संध्याकाळी डोंगरावरच्या सपाट सड्यावर फिरायचं आणि वेगवेगळ्या बेडकांचे आवाज फोनवर घ्यायचे. ज्याच्याकडे जास्त जाती, तो जिंकला.

"आमी बेडूक हंडयेत घालीत होतंव," गोकुळदास म्हणायचा. "आता लोक त्यांचा गाणा ऐकूक डोंगर चढतत."

"तुमी ह्या पाव्हण्यांसमोर बोला नको," विनिता हसायची. "जेवचे नाय ते."

स्पर्धेच्या दिवशी सकाळी जुन्या खाणीच्या खड्ड्याजवळ गोकुळदासला गव्याचं शेण दिसलं. ताजं होतं, वाफ निघत होती. बाजूला चिखलात मोठ्या खुरांजवळ लहान खूर उमटले होते. म्हणजे गवीण होती आणि पिल्लू बरोबर होतं. पिल्लू बरोबर असलेली गवीण माणसाला बघून पळत नाही.

त्याने मॅनेजर प्रज्योतला सांगितलं. प्रज्योत म्हणाला, "काका, पाहुण्यांना बोलू नका. गवा म्हटलं की सगळे फोटो काढायला तिकडेच धावतील."

ते खरंच होतं. म्हणून गोकुळदासने फक्त विनिताला सांगितलं. "खड्ड्याकडे कोणाक सोडू नको गो बाये. तूय जाव नको."

"नाय जायत."

संध्याकाळी धुकं उतरलं. एरवी फाटकावरून मयेचं तळं दिसायचं, आज समोरचा आंबासुद्धा दिसत नव्हता. उजेड होता, पण दुधात बुडवल्यासारखा. पाहुणे दोघं-तिघं करून सड्यावर पांगले. विनिता बेळगावहून आलेल्या अर्चनाबाईंबरोबर होती. त्या निवृत्त शिक्षिका, एकट्याच आल्या होत्या आणि जिंकायचंच म्हणून आल्या होत्या.

पाहुणे एकेक परत आले. त्या दोघी आल्या नाहीत.

गोकुळदास फाटक सोडून खड्ड्याच्या वाटेवर पन्नासेक पावलं गेला आणि थांबला. बेडकांचा नुसता कल्लोळ होता. आणि त्यातून, खालून, हाक आली.

"बाबा!"

एकदाच.

त्याचे पाय जागच्या जागी रुतले. तोंड उघडलं होतं, पण ओ बाहेर आली नाही. आवाज विनिताचा होता. पण विनिताचा आवाज तिच्या आईवर गेला होता आणि धुक्यात तर तो अगदी शालिनीचाच वाटला.   तो दुसऱ्या हाकेची वाट बघू लागला.

दुसरी हाक येईना.

विनिता असती तर परत हाक मारली असती. तिला ठाऊक होतं, बाप तिसरीशिवाय हलत नाही. म्हणजे ती नाही. म्हणजे ते दुसरंच आहे. लहानपणी गोष्टींत ऐकलेली सगळी माणसं त्याला आठवली, जी पहिल्या हाकेला ओ देऊन गेली आणि खाणीच्या पाण्यात सापडली. मागे फिरावं, चार माणसं घेऊन यावं, असं मनात आलं. पाय तेही करीनात.

मग त्याला एकदम सुचलं, एकदाच हाक मारणारं माणूस तर त्याच्या घरातच होतं. सगळा संसार तिने एकेका हाकेवर चालवला.

शालिनी असली तर शालिनी, तो मनात म्हणाला. तिने बोलावलं तर जायलाच पाहिजे.

दोन्ही हात तोंडाशी धरून त्याने जोरात कुकारा घातला आणि वाट उतरू लागला. छाती फुटेल असं वाटत होतं, तरी पावलागणिक कुकारा घालत राहिला. कारण गप्प बसलं की भीती जास्त वाटत होती.

वळणावर त्याला आधी पाय दिसले. पांढरे मोजे घातल्यासारखे चार पाय, धुक्यातून त्याच्याकडे येत होते. वर काही नव्हतं. मग वर काळोख दिसला आणि त्या काळोखाला शिंगं फुटली. गोकुळदास बाजूच्या दगड रचून केलेल्या गडग्यामागे पडला. गवीण फुस्कारली. तिचा ऊन श्वास गडग्यावरून त्याच्या तोंडावर आला, गवताचा आणि गोठ्याचा वास आला. हात लांब केला असता तर अंगाला लागला असता. तिच्या मागून पिल्लू अडखळत गेलं. दोघं वरच्या झाडीत शिरली. फांद्या मोडल्याचा आवाज लांब गेला.

तो उठला. हाक मारावीशी वाटली, पण कोणाच्या नावाने मारायची ते ठरेना. "शालिनी" ओठावर आलं होतं. तो तसाच खाली गेला.

खड्ड्याच्या अगदी काठावर त्या दोघी एकमेकींना धरून उभ्या होत्या. विनिताची टाच काठाबाहेर होती. मागे खाणीचं खोल पाणी होतं. अर्चनाबाईंच्या हातात फोन तसाच धरलेला होता, अजून आवाज घेत होता.

"बाबा, तुमी आयलात?"

"आयलंय."

त्याने दोघींना दंडाला धरून आत ओढलं. विनिता रडायला लागली.

"माझीच चूक," अर्चनाबाई म्हणाल्या. "इकडे नवीन आवाज येत होता. मी धावले आणि ही मला आणायला आली."

"गवीण मधीच उभी रवली, बाबा. मी एकदाच हाक मारली. तिना कान टवकारले आणि फुडे सरली. मगे तोंड उघडूक धीर झालो नाय." विनिताने डोळे पुसले. "म्हटला, संपला. तुमी थंय तिसरे हाकेची वाट बघीत रवतलात."

 गोकुळदास तिला पुढे घालून चालू लागला.

जेवणघरात बक्षीस द्यायची वेळ झाली. जास्त जाती अर्चनाबाईंच्याच निघाल्या. काय घडलं ते प्रज्योतला अजून नीट कळलं नव्हतं. त्याने त्यांचा फोन स्पीकरला जोडला आणि पाहुण्यांना म्हणाला, "ऐका, किती आवाज ओळखता येतात."

दाराशी उभ्या असलेल्या गोकुळदासने ऐकलं. बेडूक ओरडत होते. मग "बाबा!" आणि पुन्हा बेडूक. पाहुणे बोटांवर जाती मोजू लागले. एक कर्कश, एक किड्यासारखा बारीक, एक लाकडावर ठोकल्यासारखा. मधेच फुस्कारा आला. कोणाचा तरी दबलेला हुंदका आला. खडे पाण्यात पडले. पुन्हा बेडूक.

त्याला वाटलं होतं, आपण क्षणभर थांबलो असू. फोनमध्ये ते थांबणं संपतच नव्हतं.

 बाहेर जावं म्हणून त्याने दाराची कडी धरली. विनिता पाहुण्यांमधून वाट काढत आली आणि त्याच्या शर्टाची बाही धरून बाजूला उभी राहिली.

"येतलो, बाबा," ती हळू म्हणाली. "आता येतलो तुमचो कुकारो."

बेडूक ओरडत होते. गोकुळदास कान देऊन आपल्याच आवाजाची वाट बघत राहिला.