खोलीची शांतता

शांतता इतकी लांबली की साहेबांनी हातातल्या चहाच्या कपाकडे रागाने पाहिले, जणू सगळा दोष त्या कपाचाच. मनुष्यबळ विभागाच्या मॅडमच्या ओठांवरचे हसू एव्हाना लाकडाचे झाले होते. समोरच्या खुर्चीवर, दिव्याच्या पांढऱ्याफेक उजेडात, व्हिडिओग्राफरची बायको बसली होती. ‘इथे काम करताना तुम्ही सुखी आहात का?’ असे तिला विचारून झाले होते, आणि तिच्याकडून काहीच येत नव्हते. विचारणारा खुद्द नवराच होता. कर्मचाऱ्यांच्या मनःस्वास्थ्यावरची ही फिल्म त्याला मिळाली होती तीही तिच्याच शब्दाखातर.

त्याने हळूच उजवा हात वर केला. कुणी हलू नका.

हा त्याच्या धंद्यातला जुना शिरस्ता. प्रत्येक खोलीला तिची स्वतःची शांतता असते: एसीची घरघर, भिंतीतल्या नळाचे पाणी, पलीकडची लिफ्ट. ती वेगळी टिपून ठेवावी लागते, म्हणजे संकलन करताना दोन वाक्यांमधल्या फटीत भरता येते. नाहीतर फट ऐकू येते, आणि फट ऐकू आली की प्रेक्षक जागा होतो. एरवी ही शांतता मागून घ्यावी लागते, आणि मागितली रे मागितली की कुणाचे तरी पोट गुरगुरते. आज ती न मागता पदरात पडत होती. बायको समजून-उमजून देते आहे, अशी त्याची खात्रीच पटली. संसाराचे चीज झाले म्हणायचे. हेडफोन कानाशी दाबून, आवाज मोजणाऱ्या मीटरच्या हिरव्या पट्ट्यांकडे पाहत, तो मनातल्या मनात तिची पाठ थोपटत राहिला.

हात खाली आला. बायको म्हणाली, “हो. आहे ना.”

साहेबांनी टाळी वाजवली.

तसा तो नुसता व्हिडिओग्राफर नव्हता, निदान स्वतःच्या मते. कॉलेजात असताना मुक्तछंदावर जीव टाकलेला आणि तेव्हापासून एका चित्रपटाची पटकथा उराशी बाळगून असलेला माणूस. त्या चित्रपटात एक बाई खिडकीतून बाहेर पाहते, आणि बाहेरही फारसे काही घडत नाही. निर्माते ऐकून घेत, घड्याळ बघत आणि पत्नीची प्रकृती विचारून उठत. सासूबाई म्हणत, ही पटकथा म्हणजे जावयांची लाडकी लेक. ती काही या घरातून उजवली जायची नाही. तोवर पोटापाण्यासाठी दंतवैद्यांची मनोगते आणि कंपन्यांचे वर्धापनदिन होतेच.

अलीकडे संकलनाला एक कृत्रिम बुद्धी आली होती. तिला तो ‘जावईबापू’ म्हणे, कारण न बोलावता पुढ्यात येऊन बसायचे, सारखे काहीतरी मागायचे आणि चूक दाखवायची सोय ठेवायची नाही, ही लक्षणे त्याने आरशातही पाहिली होती. जावईबापूंनी सगळे चित्रण एका घासात गिळून ढेकर दिला. खोकले गेले, आढेवेढे गेले, साहेबांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे गेली. बायकोची शांतताही ‘अनावश्यक विराम’ म्हणून छाटली गेली. सुखी आहात का, हो आहे ना, टेबलटेनिसच्या चेंडूसारखे.

फटी बुजवायला जावईबापूंनी पदरची शांतताही देऊ केली. त्याने ती ऐकली: उकळून गार केलेल्या पाण्यासारखी, निर्जंतुक आणि बेचव. तेव्हा मात्र त्याच्यातला कवी खवळला. छाटलेली शांतता त्याने कचऱ्यातून उचलून आणली आणि अख्ख्या फिल्मखाली सतरंजीसारखी अंथरली. यंत्र शब्द आणील, मौन कुठून आणील, असे एक देखणे वाक्यही त्याने रचून ठेवले.

ते ऐकवायला बायको घरी येण्याचीच खोटी होती. ती आली, तक्रार विभागात दिवसभर फोनवर लोकांचा राग झेलून, केसांवर हेडसेटची खाच घेऊन. त्याने तिला हातही धुऊ दिले नाहीत. फिल्म दाखवली, वाक्य ऐकवले आणि सांगितले की साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे बोलताहेत ते तुझ्या शांततेवर बसून.

“फक्त तेवढीच ऐकव,” ती म्हणाली.

त्याने बाकीचे आवाज बंद केले. एसीची घरघर. लांबवर लिफ्ट. मग खुर्चीची करकर आणि एक श्वास, शब्दासाठी आत घेतात तसा. त्याला लागूनच कापडाची सळसळ. आणि तो श्वास, काहीच न घेता, रिकाम्या हाताने बाहेर.

सळसळ त्याच्याच बाहीची होती. इतक्यांदा ऐकूनही हे त्याला आत्ता कळत होते.

“तिथे मी ‘नाही’ म्हणणार होते,” ती म्हणाली. “तू हात वर केलास.”

मग तिने सांगितले ते एखाद्या ग्राहकाची तक्रार नोंदवावी तितक्या सपाट सुरात. फोनवर काय बोलायचे ते हल्ली यंत्रच तिला समोरच्या पडद्यावर दाखवी; माफी कुठे मागायची, उसासा कुठे टाकायचा. आवाजात माया कमी पडली की कोपऱ्यात पिवळा दिवा लागे. हे तिने त्याला पूर्वीही सांगितले होते, आणि ‘काय दृश्य आहे!’ म्हणून त्याने ते पटकथेसाठी टिपून घेतले होते. आता ती सोमवारी राजीनामा देणार होती. आणि त्याआधी शुक्रवारी, सगळ्या ऑफिससमोर, त्याच्या फिल्ममध्ये सुखी असणार होती.

“साहेब मलाच ती लावून दाखवतील,” ती म्हणाली. “परवापर्यंत तर सुखी होतात, म्हणतील.”

त्याचे डोके भराभर चालू लागले, दुर्दैवाने नेहमीच्याच रुळांवरून. शांतता परत जोडली तर मॅडम ती छाटायला लावतील. पण जावईबापूंना तिच्या आवाजाचा नमुना पुरे होता. ओठही जुळवून मिळाले असते.

“एकाच शब्दाचा प्रश्न आहे,” तो म्हणाला. “‘हो’च्या जागी ‘नाही’. कुणाला कळणारसुद्धा नाही.”

ती हसली. इतकी हसली की तिला टेबलाची कड धरावी लागली.

“अरे, दिवसभर माझं ‘हो’ यंत्र म्हणतं. आता ‘नाही’ पण तुझा जावईच म्हणणार? मग मी काय नुसती खुर्ची उबवायला?”

तो ओशाळला, आणि या वेळी अगदी आतून. त्याने तिचे उत्तर फिल्ममधून काढून टाकले. खात्री आहे का, असे जावईबापूंनी पुन्हा पुन्हा विचारले. त्याने दर वेळी होकार दिला. साहेबांचे मी बघतो, म्हणाला. तिचे खांदे जरासे सैलावले. खिडकीतून तिरपा उजेड येऊन तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर थांबला होता, आणि ती नखाने टेबलावरचा डाग खरवडत, काहीतरी सांगायच्या बेतात होती.

“कधीपासून वाटतंय तुला असं?” त्याने विचारले.

प्रश्न खरा होता. कुठल्याही यादीतला नव्हता. तिने मान वर केली. पण उजेड फारच सुरेख होता, आणि त्याचा हात, त्यालाही न विचारता, कॅमेऱ्यापर्यंत पोचला होता. तांबडा दिवा लागला.

ती त्या दिव्याकडे क्षणभर पाहत राहिली. मग उठली, आणि कॅमेऱ्यासमोरून आडवी आतल्या खोलीत निघून गेली.